गुंडेरावांचा कॅमेरा आणि विशालाक्षीबाईंचा

गुंडेरावांचा कॅमेरा पंधरा वर्षांचा होता. विमा कंपनीत शेवटची बढती मिळाली तेव्हा त्यांनी तो घेतला होता. काळा, जड डीएसएलआर आणि सोबत तीनशे मिलिमीटरची लेन्स. निवृत्त झाल्यावर दर रविवारी पहाटे बोगादीच्या घरून गाडी काढायची, म्हैसूरच्या आसपासचं एखादं तळं गाठायचं आणि ऊन तापेपर्यंत पक्ष्यांचे फोटो काढायचे, असा त्यांचा क्रम ठरून गेला.

विशालाक्षीबाई बरोबर असायच्या. त्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. त्यांच्याकडे वही असे. कुठला पक्षी, किती, किती वाजता, हे त्या लिहून ठेवत. पक्षी शोधायच्याही बहुतेक त्याच.

"तिकडं बघा, करंजाच्या दुसऱ्या फांदीवर."

"कुठं?"

"दुसऱ्या. वाळलेल्या पानाच्या डावीकडं की."

"कुठं दिसत नाही मला." तोवर पक्षी उडालेला असे. "नीट सांगत नाहीस तू," गुंडेराव म्हणायचे. विशालाक्षीबाई वहीत पक्ष्याचं नाव लिहायच्या.

गेल्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. सप्टेंबरात बंगळूरला राहणाऱ्या भाचीला, स्मृतीला, त्यांनी फोनवर सांगितलं, "मला एक कॅमेरा बघ. हलका. लांबचं दिसणारा." स्मृतीनं पंधरा दिवस शोधून एक वापरलेला सुपरझूम मिळवला. तसले कॅमेरे आता दुकानात फारसे मिळत नव्हते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, लेन्स त्यालाच जोडलेली, झूम साठ पट. कुरिअरनं आलेलं खोकं विशालाक्षीबाईंनी जेवणाच्या टेबलावर उघडलं.

गुंडेरावांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "खेळणं आहे," ते म्हणाले. "आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो ह्यांचा. उजेड कमी झाला की संपलं."

"असू दे."

"सुम्ने, उगाच आणलास. माझा होता की."

"तुमचा तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर दोघांनी एकाच बुलबुलाचा फोटो काढला. बुलबुल पाच-सहा हातांवर, शेजाऱ्यांच्या शेवग्यावर बसला होता. कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. गुंडेरावांच्या फोटोत गालावरच्या लाल ठिपक्याचं एकेक पीस वेगळं मोजता येत होतं. विशालाक्षीबाईंच्या फोटोत ते ओल्या कागदावर रंग पसरावा तसं झालं होतं.

"तुमचा चांगला आहे," विशालाक्षीबाई म्हणाल्या.

मग दूरच्या मोबाइल टॉवरवर बसलेल्या घारीचा फोटो काढला. गुंडेरावांच्या फोटोत घार हा एक तपकिरी ठिपका होता. विशालाक्षीबाईंच्या फोटोत तिचा डोळा दिसत होता, चोचीला लागलेलं काहीतरी दिसत होतं.

"दिसतं, पण पिसं नाहीत," गुंडेराव म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद करून टाकला.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ते वरुण्याच्या पुढं एका तळ्यावर गेले. भात कापून झालं होतं. पलीकडच्या काठावर, कापलेल्या शेतात, पट्टकादंब उतरले होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे करडे हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यापुरते इकडे येतात. विशालाक्षीबाईंनी मोजले, त्रेचाळीस भरले. मोजताना त्यांना एकाच्या मानेत काहीतरी हिरवं दिसलं.

"अहो, उजवीकडून सातवा. मानेत पट्टा आहे."

गुंडेरावांनी बराच वेळ कॅमेऱ्यातून शोधलं. "नाही ग. चिखल असेल."

विशालाक्षीबाई बांधावर बसल्या, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि झूम शेवटापर्यंत नेला. चित्र हलत होतं. श्वास धरून त्यांनी नऊ फोटो काढले. त्यातल्या सहाव्यात हंसानं मान वळवली होती आणि हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं आली होती: के, सात, सहा. त्यांनी मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून गुंडेरावांना दाखवला. पक्षी तिकडं कुठंतरी पकडून, पट्टा घालून सोडतात आणि तो पुढं कुठं दिसला याची नोंद शास्त्रज्ञ गोळा करतात, हे दोघांनाही माहीत होतं. गुंडेराव म्हणाले, "हौदा! खरंच ग. नशीबच." इतक्यात एक ट्रॅक्टर सुरू झाला आणि सगळा थवा उठला. गुंडेरावांनी डीएसएलआर उचलून धाडधाड फोटो घेतले. खाली सोनेरी धसकटं, वर पसरलेले पंख. परत येताना ते खुशीत होते.

मंगळवारी संध्याकाळी गुंडेराव फिरायला गेले असताना त्यांचा घरी राहिलेला फोन वाजला आणि तो विशालाक्षीबाईंनी उचलला. फोन तुंगाचा होता. तुंगा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. म्हैसूरच्या पक्षिनिरीक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तीच चालवायची. तिचे आजोबा कापडावर छपाई करायचे आणि या घरासारखं तिच्या घरीही मराठीच चालायचं, म्हणून दोघांशी तिची ओळख थोडी जास्त होती.

"काकू, काकांना काँग्रॅट्स सांगा! काय फोटो टाकलाय ग्रुपवर! आणि तो के शहात्तर. एवढ्या लांबून काकांनी नंबर कसा वाचला की? फक्त मूळ फोटो पाठवायला सांगा त्यांना. मी मोठा करून बघितला, मला अक्षरं लागेनात. पुढं कळवायचं तर पुरावा लागतो."

विशालाक्षीबाई म्हणाल्या, "त्यांच्या फोटोत नंबर दिसायचा नाही, तुंगा. तो माझ्या फोटोत आहे."

"काकू, तुम्ही पण फोटो काढता?"

"ऑक्टोबरपासून."

गुंडेराव आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "ग्रुपवर नंबर कुणाच्या नावानं टाकलात?"

"नावानं म्हणजे? माझ्या फोनवरून टाकला. आपण दोघंच गेलो होतो की."

"मग दोघांचं लिहायचं."

"अग, तू ग्रुपमध्ये नाहीस. कुणाला काय कळणार?"

"तेच म्हणते. इतकी वर्षं वही मी लिहिते. ग्रुपवर कुणाला माहीत आहे?"

"हे असलं तू पूर्वी बोलत नव्हतीस. तो कॅमेरा आणल्यापासून सुरू झालंय."

"कॅमेऱ्याला काय कळतं," विशालाक्षीबाई म्हणाल्या आणि हात पुसून आपला फोन घेतला. सहावा फोटो त्यांनी स्वतः तुंगाला पाठवला. दोन दिवसांनी तुंगानं ग्रुपवर लिहिलं की हंसाला तीन वर्षांपूर्वी मंगोलियात पट्टा घातला होता, ती मादी आहे आणि नोंद विशालाक्षीबाईंची आहे. खाली बरेच अंगठे आले. गुंडेरावांनी ते वाचलं. त्या आठवड्यात घरात ताट, चहा, वीजबिल यापलीकडं बोलणं झालं नाही.

रविवारी गुंडेराव म्हणाले, "मी येत नाही. खांदा दुखतो."

"मी जाते."

"एकटी? कशी?"

"बसनं. कृष्णराजनगरला नदीकाठी."

त्या गेल्या आणि दुपारी दोनला परत आल्या. दिवस चांगला गेला नव्हता. ढग होते. खंड्या सहा वेळा उडाला आणि सहाही वेळा फोटोत नुसती फांदी आली. एक पाणमांजर दिसलं, तर कॅमेरा त्याच्यापुढच्या गवतावरच अडकून बसला. जेवताना त्यांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. गुंडेराव ऐकत होते. दोन घास खाऊन ते म्हणाले, "दे बघू. तो नेमका कुठं अडकतो, बघतो."

कॅमेरा घेऊन ते गच्चीवर गेले, कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीला डोळा लावला आणि तो टॉवरवर रोखला. थोड्या वेळानं त्यांनी तो खाली घेतला, काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि परत लावला.

"ह्याच्यात धुकं आहे," ते म्हणाले. "तुला फसवलंय त्या विकणाऱ्यानं. आत ओल गेलीय."

विशालाक्षीबाईंनी कॅमेरा घेऊन पाहिलं. टॉवरच्या तारा लख्ख दिसत होत्या. "धुकं नाही."

"आहे. माझ्या लेन्सलाही बुरशी आली तेव्हा असंच दिसायला लागलं."

"तुमच्या लेन्सला बुरशी कधी आली?"

मग कळलं की वर्षभर त्यांना डीएसएलआरमधूनही असंच दिसत होतं. जुना झाला, बुरशी चढली, असं त्यांनी ठरवलं होतं. लेन्स हवाबंद डब्यात ठेवली. दोनदा दुकानात नेऊन साफ करून आणली. दुकानदार म्हणाला होता, काही नाही सर, स्वच्छ आहे. त्याला काही येत नाही असं म्हणून गुंडेराव उठून आले होते. यातलं घरात त्यांनी काही बोलून दाखवलं नव्हतं.

विशालाक्षीबाई खाली गेल्या आणि डीएसएलआर घेऊन आल्या. त्यातून त्यांनी पाहिलं. शेवग्याचं पान न् पान स्वच्छ होतं. दोन्ही कॅमेरे कठड्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "डाव्या डोळ्यानं बघा."

गुंडेराव आयुष्यभर उजवाच डोळा लावत आले होते. डावा लावायला त्यांना वेळ लागला, नाक मध्ये येत होतं. त्यांनी आधी आपल्या कॅमेऱ्यातून पाहिलं, मग तिच्या. मग पुन्हा उजव्यानं.

"अय्यो," ते म्हणाले.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू बराच पिकल्याचं सांगितलं. "गाडी चालवत होता तुम्ही?" त्यांनी विचारलं. गुंडेरावांनी विशालाक्षीबाईंकडे पाहिलं नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. थेंब विशालाक्षीबाई घालत. वेळा त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवल्या होत्या.

चष्मा सुटल्यावर गुंडेराव कॉम्प्युटरसमोर बसले. कुणी सांगितलं नसताना त्यांनी गेल्या दोन वर्षांचे फोटो एकेक करून उघडायला सुरुवात केली. बसलेल्या पक्ष्यांचे फोटो ठीक होते. उडत्या पक्ष्यांच्या फोटोंत मात्र पुष्कळदा पक्षी थोडा विरलेला आणि मागचं झाड कोरीव स्पष्ट; फोकस झाडावर बसलेला त्यांना तेव्हा दिसला नव्हता. ते पुसत गेले. संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर फोटो गेले. विशालाक्षीबाई बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत होत्या.

शेवटी पट्टकादंबांचा तो फोटो पडद्यावर आला. गुंडेरावांनी तो मोठा केला. धसकटं काडी न् काडी वेगळी होती. हंसांचे पंख मऊ होते, कडा नसलेले.

"हा फोटो नीट नाही," ते म्हणाले.

"फोकस थोडा चुकलाय."

"तुला त्या दिवशीच दिसलं होतं?"

"हो."

"तुंगाला?"

"तिलाही दिसलं असेल."

"सगळ्यांनी वा वा केलं."

"फोटो चांगलाच आहे," विशालाक्षीबाई म्हणाल्या. "लांबून बघितलं तर."

"मग सांगायचं नाही का मला?"

विशालाक्षीबाईंनी पेपर खाली ठेवला. "मी नीट सांगत नाही असं तुम्हीच म्हणत आलात की. म्हटलं, कशाला."

तो फोटो गुंडेरावांनी पुसला नाही. मग फोन उचलून, एका बोटानं, चुका दुरुस्त करत त्यांनी ग्रुपवर लिहिलं: जानेवारीत पट्टा सर्वप्रथम विशालाक्षीनं पाहिला आणि वाचला. मी तिथं असून मला दिसला नव्हता. पहिल्या दिवशी मी हे लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. गुंडेराव.

पाठवण्याआधी त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. विशालाक्षीबाईंनी वाचलं.

"एवढं कशाला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाठवा."

डॉक्टरांनी वजन उचलायला परवानगी दिली तेव्हा मार्च अर्धा झाला होता आणि हंस उत्तरेला निघून गेले होते. तरी एका रविवारी दोघं त्या तळ्यावर गेले. गाडी विशालाक्षीबाईंनी चालवली. पाणी बरंच आटलं होतं. नदीसुरय पाण्यावर घिरट्या घालत होते आणि मधूनच सूर मारत होते. विशालाक्षीबाईंनी वीसेक फोटो काढले. त्यात बहुतेक आभाळच आलं. गुंडेरावांना एक सापडला, पाण्याला टेकायच्या आधीचा, चोच खाली केलेला.

"कसं केलंत?" त्यांनी विचारलं.

"हा घेऊन बघ. जड आहे, डावा हात खाली धर."

त्यांनी घेतला. दोन-तीनदा प्रयत्न केला, पण पक्षी चौकटीत येण्याआधी पाण्यात जायचा. चौथ्या वेळी अर्धा पंख आला.

"मनगट भरून येतं," त्या म्हणाल्या आणि कॅमेरा परत दिला. गुंडेरावांनी तिचा घेऊन पलीकडच्या काठावरची ताडाची झाडं न्याहाळायला सुरुवात केली. एका झाडाच्या शेंड्यात त्यांना काहीतरी करडं दिसलं.

"विशाला, घुबड आहे का बघ ते. डावीकडून तिसरं झाड, वरून हातभर खाली."

विशालाक्षीबाईंनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "घुबड नाही. वाळकी झावळी आहे."

"घुबडच आहे."

"बरं, काढा फोटो. घरी जाऊन बघू."

त्यांनी फोटो काढला. घरी मोठा करून पाहिला. वाळकी झावळीच होती.