थोरल्याला एकच टोला

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मोगरी. कपडे बडवणारी नव्हे, झाडे ठोकून पाहणारी. मला धरणाऱ्या हातांची ही चौथी पिढी. मी मात्र तीच.

मालकांच्या पणजोबांनी इस्टेटीतले हे रान ओळीने लावले, घरांना तुळया हव्यात म्हणून. पुढे लढाई आली आणि निम्म्या ओळी तोडून नेल्या. उरलेली झाडे आपापली वाढली. सगळ्यात पहिले लावलेले झाड फाटकाजवळ आहे, त्याला सगळे थोरला म्हणतात. वादळात त्याची एक फांदी मोडली, तिच्यापासून मी झाले. म्हणजे तो माझा बापच.

दर वर्षी वाऱ्याच्या दिवसांआधी रखवालदार मला घेऊन रानभर फिरतो आणि प्रत्येक झाड चहूबाजूंनी ठोकतो. भरीव झाड टणकन बोलते, पोकळ झाड भद्द. भद्द बोलले की चुन्याचा पट्टा, मग करवत. “मोगरी बोलली म्हणजे बोलली,” असे मालक म्हणायचे, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

फक्त थोरल्याला एकच टोला, तोही वाटेकडून. तो त्याचा मान. त्याची पाठ कधी कुणी ठोकली नाही, आणि नेमके पाठीशीच, त्याच्या फांद्यांखाली, रखवालदाराचे घर आहे.

यंदा म्हाताऱ्या रखवालदाराचे गुडघे धरले, म्हणून मी त्याच्या लेकीच्या हाती आले. ती तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आलेली. तिने मानपान न बघता थोरल्याची पाठ ठोकली. भद्द. माझ्या अंगावर काटा आला.

“बाबा, हा आतून गेलाय.”

“थोरल्याच्या पाठीवर मारतात का कुणी? माझ्या आज्ज्यानं नाही मारलं.”

“म्हणूनच कळलं नाही. पट्टा मारू?”

“माझ्या हयातीत नाही.”

काल तिने बाळाचे कपडे बांधले. “मी ताईकडे जाते. तुम्हीही चला, बाबा.” ती गेली, तो उंबऱ्यावर बसून राहिला. म्हातारा हट्टी आहे, पण वाईट नाही. ज्या झाडाखाली जन्मला, त्याच्यावर संशय घेणे त्याला जमत नाही. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते.

आज दुपारी वारा सुटला. म्हाताऱ्याने मला खिळ्यावरून काढले आणि तो थेट थोरल्याच्या पाठीमागे गेला. माझ्या जिवात जीव आला. त्याने हात उचलला, जरा वेळ तसाच धरला आणि खाली घेतला. मग वाटेकडच्या बाजूला येऊन एकच टोला मारला. टण.

“बघ, ऐकलंस?” तो म्हणाला. ऐकायला लेक नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरापाशी एखादे म्हातारे झाड असेल, तर त्याला जरूर मान द्या. पण त्याची पाठही ठोकून बघा. त्याने मान जात नाही.

मी पुन्हा खिळ्यावर आहे. म्हातारा दार लावून, पांघरूण घेऊन पडला आहे. वारा वाढतो आहे. भिंतीपलीकडे माझा बाप करकरतो आहे, आणि तो काय म्हणतो ते या घरात फक्त मला कळते.