उत्पला तायडेचं पहिलं पोट

सर्जरी शिकायच्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उत्पला तायडेच्या उजव्या हाताला रिट्रॅक्टर फुटला. रिट्रॅक्टर म्हणजे ऑपरेशन चालू असताना कापलेल्या पोटाची कड ओढून धरायचं, टोकाशी वाकलेलं पोलादी हत्यार. दोन वर्षं तिच्या हातात दुसरं काही आलंच नव्हतं, त्यामुळे सर्जरी विभागात कुणाला नवल वाटलं नाही. सकाळी ती ग्लोव्ह चढवायला गेली तर बोटं शिरेनात. पाहिलं तर बोटांच्या जागी गुळगुळीत पातं होतं, आणि मनगटाशी कातडी आणि पोलाद अशी बेमालूम जुळली होती की सांधा शोधून सापडत नव्हता.

"बरं झालं," विभागप्रमुख उपासनी सर म्हणाले. "आता घसरणार नाही."

त्या दिवसापासून सिस्टर तिचा हात बाकीच्या हत्यारांबरोबर वाफेच्या मशीनमध्ये घालू लागल्या. मशीनचं दार तिच्या कोपरावर लावून घेत आणि वाफ उतरेपर्यंत ती तिथे उभी राही. पोलादाला काही होत नसे. पोलाद संपून कातडी सुरू होई तिथे मात्र रोज फोड येत आणि रोज फुटत. ऑपरेशन संपताना सिस्टर मोठ्याने मोजणी करत: "आर्टरी चिमटे दहा, कात्र्या तीन, रिट्रॅक्टर चार, तायडे मॅडमसकट. सगळं बरोबर."

विभागाचा नियम सरळ होता. ज्याने एक पोट एकट्याने उघडलं आणि एकट्याने बंद केलं, तो सर्जन. ज्याचं तेवढं राहिलं, तो ट्रेमध्ये. ट्रेमध्ये एक जुना रिट्रॅक्टर होता, हातात धरला की कोमट लागायचा, आणि त्याच्या दांड्यावर एक काळा तीळ होता.

"हे किन्नाके डॉक्टर," सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात ओळख करून दिली होती. "गडचिरोलीकडचे. फार छान धरायचे. गळ्यापर्यंत पोलाद येईस्तोवर बोलतही होते."

उत्पलाचं पोलाद दिवाळीपर्यंत कोपराला आलं, संक्रांतीला खांद्याला. आता तुम्ही विचाराल, दोन वर्षांत एकही पोट मिळू नये असा कोणता गुन्हा केला होता या मुलीने? काही नाही. पहिल्या दिवशी आडनाव सांगितलं होतं. मग गाव कुठलं ते विचारून झालं, मूर्तिजापुरात कुठे राहता ते विचारून झालं, आणि सरांनी मान डोलावली, जणू तपासणीचा रिपोर्ट हाती आला होता. तिच्यानंतर वर्षभराने आलेला निहार देवस्थळी पोटांमागून पोटं उघडत सुटला होता. त्याचे वडील सर्जन, आजोबा सर्जन. "हात रक्तातून येतो," सर म्हणायचे, आणि निहार नम्रपणे खाली बघायचा.

रोज सकाळी चहाच्या टेबलाशी कुणीतरी विचारी, "तायडे, प्रवेश परीक्षेत तुझी रँक किती होती गं?" ती खरी रँक सांगायची. निहारच्या वरचीच होती. पण आकडा तिच्या तोंडातून निघून टेबलापर्यंत पोहोचेस्तोवर त्याच्यामागे चार शून्यं येऊन चिकटत. ती शून्यं बशांवर आपटल्याचा आवाजही होई. मग सगळे दिलासा मिळाल्यासारखे हसत आणि बिस्किटं घेत. राग तिला यायचा, मस्तकापर्यंत यायचा, पण पोट हवं होतं म्हणून ती गिळून टाकी.

पोलाद गळपट्टीच्या हाडाला लागलं त्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, मला एक केस द्या."

"अगं, द्यायला काय हरकत आहे? पण तुझ्या हाताखाली कोण झोपणार? लोक विचारतात. मी कुणाला जबरदस्ती कशी करू?" सर खरोखरच काळजीत दिसत होते. "असं कर, तुझं तूच कुणीतरी आण. आपलं माणूस."

आपलं माणूस एकच होतं. मुक्ताबाई, तिची आई, शाळेत शिपाई होती. तीस वर्षं बाकडी उचलून बेंबीपाशी हर्निया झाला होता आणि लेक डॉक्टर होईल तेव्हाच कापून घेईन म्हणून तो तिने पदराखाली सांभाळून ठेवला होता. फोन केल्याच्या दुसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, कपाळ कोरं ठेवून हजर झाली. हातात डबा होता. तो तिने सरांसमोर धरला. सरांनी दोन्ही हात मागे घेतले आणि ते म्हणाले, "असू दे, असू दे, आमचा उपास आहे." निहारचाही उपास होता. सगळ्या विभागाचा उपास होता.

पाठीत सुई देऊन मुक्ताबाईचं छातीखालचं अंग बधिर केलं. छातीवर हिरवा पडदा बांधला, म्हणजे तिला पोट दिसायचं नाही, आणि पलीकडच्यांना तिचं तोंड दिसायचं नाही. उत्पलाने सुरीसाठी डावा हात पुढे केला. सुरी तिच्यावरून सरांच्या हातात गेली.

"आज मला जरा वेळ आहे," सर म्हणाले. "तू धर."

"सर, तुम्ही म्हणाला होतात..."

"धर म्हटलं ना."

निहारने आर्टरी चिमट्याच्या दांड्याने तिच्या डाव्या हाताच्या पेरांवर टोला दिला. त्या हाताची अजून हाडं होती, म्हणून कट असा आवाज झाला. सरांनी बेंबीच्या वरून खालपर्यंत रेघ ओढली आणि उत्पलाने आईच्या पोटाची कड पोलादात घेऊन ओढली.

"उत्पला," पडद्यामागून आवाज आला. "तूच करून राह्यली ना व?"

थिएटरमध्ये सगळे थांबले. सरांच्या डोळ्यांखाली मास्क हलला, बहुतेक ते हसत होते.

"हो," उत्पला म्हणाली.

"मंग ठीक हाय. अख्ख्या आळीत सांगून आली मी. पोरगीच कापनार म्हनलं, दुसऱ्या कोनाले हात लावू देनार नाई."

सरांनी हर्नियाची पिशवी दोन मिनिटांत काढून तबकात टाकली. आता खरं तर बंद करायचं. पण सर आत वाकून पाहत होते. "उघडलंच आहे तर मुलांचा हात साफ होईल," ते म्हणाले. "निहार, ये. तू एक घे."

निहारने एक काप घेतला, जिथे काही नव्हतं तिथे. पोट त्याच्या कापाबरोबर लांबत गेलं. तो कोपरापर्यंत आत गेला, मग दंडापर्यंत. पहिल्या वर्षाची दोन मुलं नुकतीच रुजू झाली होती, त्यांना अजून गाठही नीट मारता येत नव्हती. सरांनी त्यांनाही बोलावलं. "घाबरू नका. घ्या. अजून खोल." एकाने उलट्या बाजूने सुरी धरली होती, ती सरांनी आपलेही दोन्ही हात आत घालून मायेने सरळ करून दिली. रक्त टेबलावरून उत्पलाच्या सपातांत उतरत होतं, कोमट, आणि ती ओढून धरत होती, कारण पोलाद दुसरं काही करत नसतं. प्रत्येकाला आईचा एक एक तुकडा शिकायला मिळाला. तिची पाळी कुणी काढली नाही.

डोक्याशी बसलेले भूलतज्ज्ञ मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "बीपी छान आहे."

"उत्पला," पडद्यामागून आई म्हणाली. आवाज आता लांबून येत होता. "किती हात हायेत व तुले?"

पोलाद गळ्याच्या घाटीवर थंडगार टेकलं होतं. आईला दुखत नव्हतं, फक्त कळत होतं, आणि ते दुखण्यापेक्षा वाईट होतं. तिने खांदा सैल केला आणि कड सोडून दिली.

पत्र्याच्या पेटीचं झाकण पडावं तसं पोट मिटलं. मिटलं ते पक्कं मिटलं. चामडीवर एक बारीक रेघ उरली, आणि रेघेतून आठ मनगटं वर आलेली. सरांची दोन, निहारची दोन, त्या दोन मुलांची चार. सुऱ्या, कात्र्या सगळ्या आत. पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी एक जण ओढून पाहू लागला, तेव्हा पोटाने आणखी घट्ट धरलं आणि त्याच्या मनगटाचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मग कुणी ओढलं नाही.

"तायडे, कड उचल," सर म्हणाले.

ती हलली नाही.

"तायडे." मग सरांनी स्वर बदलला. "डॉक्टर तायडे, पेशंट तुमचा आहे. तुम्ही उघडा."

"एकटीने?"

"एकटीने."

सिस्टरनी ट्रे पाहिला आणि मान हलवली. बाहेर एकही सुरी शिल्लक नव्हती. उत्पला हात धुवायच्या ओट्याशी गेली. ओट्याला काळ्या कडप्प्याची फरशी होती. तिने नळ सोडला, उजव्या हाताचं पातं ओल्या दगडावर आडवं टेकवलं आणि घासायला सुरुवात केली, विळ्याला धार लावतात तशी, पुढे दाबून आणि मागे हलकं. दगडावरून करडं पाणी वाहू लागलं. टेबलाभोवती वाकून उभे असलेले चौघे मान वळवून बघत होते.

"काऊन थांबली व?" आईने विचारलं.

"थांबली नाई, माय," उत्पला म्हणाली. ही बोली तिने तीन वर्षं या भिंतींच्या आत उच्चारली नव्हती. "आता सुरू करून राह्यली."

"दुखंन का?"

"तुले नाई दुखनार."

डाव्या अंगठ्याने तिने धार पाहिली. अंगठ्यावर लाल रेघ उमटली. ती टेबलाशी आली आणि सरांच्या समोर, जिथे सर्जन उभा राहतो तिथे, उभी राहिली.

"जुन्याच रेघेवरून घ्या," सर म्हणाले. त्यांचा आवाज परत वर्गातला झाला होता. "तिथे कातडी कच्ची असेल. आईंना काही होणार नाही. आधी काय करायचं?"

"आधी आयोडीन, सर."

"शाबास."

उत्पलाने चिमट्यात कापसाचा बोळा धरला आणि आयोडीनच्या वाटीत बुडवला. मग सरांच्या गाऊनची बाही कोपरापर्यंत वर सारली, ग्लोव्हची कड खाली दुमडली, आणि मनगटापासून सुरुवात करून आतून बाहेर, गोल गोल, एकही जागा कोरी न सोडता आयोडीन लावू लागली.