दीडपट वेगानं पाहिलेला सिनेमा

नॉर्वेतल्या बर्गेनच्या आमच्या पेपरात सिनेमाच्या परीक्षणाशेजारी फाशाचं चित्र छापतात. सहा ठिपके म्हणजे धावत जाऊन बघा, एक म्हणजे घरीच बसा. त्याखाली माझा फोटो असतो. सव्वीस वर्षं मी हे ठिपके वाटतोय आणि त्याचा मला भलता माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

सुनिव्हा या नव्या दिग्दर्शिकेच्या पहिल्याच सिनेमाला मी दोन ठिपके दिले. वडील गेल्यावर दोन बहिणी त्यांचं होड्या ठेवायचं बोटघर रिकामं करतात, एवढीच गोष्ट. मी लिहिलं, 'दिग्दर्शिका श्वासच घेऊ देत नाही. पात्रं घाईत बोलतात, घाईत रडतात.' ऑफिसात वाक्याचं कौतुक झालं. थिएटरवाल्यांनी सिनेमा मोठ्या हॉलमधून काढून लहान हॉलमध्ये टाकला, दुपारी दोनचा एकच खेळ.

सोमवारी तिचा फोन आला.

"टोरगेर, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"सिनेमा चौऱ्याण्णव मिनिटांचा आहे. तुम्ही तो त्रेसष्ट मिनिटांत संपवलात. तुम्हाला पाठवलेल्या लिंकवर आम्हाला ते दिसतं."

त्या आठवड्यात पाच सिनेमे होते, म्हणून दीडपट वेगानं लावला होता. आमच्यात बरेच जण असं करतात, पण हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

"दुरुस्ती छापा म्हणत नाही मी," ती म्हणाली. "गुरुवारी शेवटचा खेळ आहे. एकदा येऊन बघा फक्त."

गेलो. हॉलमध्ये मोजून नऊ माणसं होती. पडद्यावर थोरली बहीण उलट्या होडीवर बसली आणि बसूनच राहिली. ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं. त्या ठिबकण्याला मी परीक्षणात 'कर्कश ताल' म्हटलं होतं. मग ती हळूच म्हणाली, "बाबांचे हातमोजे अजून ओले आहेत." मला हुंदका आवरेना. इतका सावकाश, इतका मायेचा सिनेमा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. अंधारात ठरवून टाकलं, आजच सगळं खरं लिहायचं, माझ्या नावानिशी.

दिवे लागले. दाराशी सुनिव्हा उभी होती. मी तिच्याकडे निघालो, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझी बाही धरली.

"अरे, तू पेपरातला तो फासेवाला ना? मी गुडवेग. तुझं वाचल्याशिवाय आम्ही थिएटरची पायरी चढत नाही."

"हो, मीच," मी म्हणालो.

"अगदी बरोबर लिहिलंस बघ! नुसती धावपळ! पोरीनं घटकाभर श्वास घेऊ दिला नाही. मी यांना मघाशीच म्हटलं, टोरगेरनं सांगितलं तेच खरं."

तिचे डोळे रडून लाल झाले होते. शेजारी तिचा नवरा नाक पुसत मान डोलावत होता. बाई, तुम्ही आत्ता रडलात ना, मग माझं काय ऐकता, एवढंच मला म्हणायचं होतं. सुनिव्हा तीन पावलांवर होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला होता आणि आता ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "आभारी आहे."

सुनिव्हानं आमच्यासाठी दार उघडून धरलं.