मुलैकानं पाहिलं तेवढंच

“ते कातडं ठेव ना आता बाजूला,” उसैद म्हणाला. “पाहुणा येईल इतक्यात. त्याच्यासमोर टाके घालत बसणार आहेस का?”

मुलैकानं ऐकलं आणि सुई तशीच पुढे ढकलली. मांडीवर बकऱ्याच्या कातड्याची पखाल होती, तिच्या तोंडाजवळची शिवण उसवली होती. साठेक वर्षं ती हेच करत आली होती. मदिनेच्या दक्षिणेला, काळ्या दगडांच्या माळाला लागून असलेल्या त्या वस्तीत कुणाचीही पखाल गळायला लागली की ती मुलैकाच्या अंगणात येऊन पडायची. आता तिला टाका दिसत नसे. अंगठ्यानं चाचपून ती भोक शोधायची आणि सुई घालायची.

“मग काय करू त्याच्यासमोर?”

“बोल. अब्बा सांगायचे तसं, शब्दाला शब्द. आणि मध्येच थांबू नकोस. तू थांबलीस की माणसाला वाटतं, म्हातारी विसरली.”

“विसरले नाहीये मी.”

“तेच म्हणतोय ना.”

उसैद पन्नाशीचा होता. दाढी पांढरी झाली होती, पण आईशी बोलताना अजून हट्ट करून बोलायचा. सकाळपासून त्यानं अंगण दोनदा झाडून घेतलं होतं, चटई झटकली होती, बायकोला ताक घुसळायला लावलं होतं. त्याचं कारण मुलैकाला ठाऊक होतं. त्यांच्या खजुरीच्या बागेतल्या विहिरीवर शेजारच्या वदीआनं दावा लावला होता. विहीर दोन्ही घरांच्या आजोबांनी मिळून खणली, म्हणून पाणीही दोघांचं, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षं पाऊस झाला नव्हता. एरवी मोटेनं उपसूनही उरणारं पाणी आता दुपारपर्यंत तळ दाखवत होतं. परवा काझीसमोर निकाल होता.

वदीआकडे साक्षीदार नव्हते. उसैदकडे मात्र एक गोष्ट होती, आणि ती वस्तीतल्या प्रत्येकाला पाठ होती.

ती गोष्ट साबितची, मुलैकाच्या नवऱ्याची. रसूल, म्हणजे पैगंबर, हयात असताना एका उन्हाळ्यात, दूरच्या प्रवासाहून परतताना ते या विहिरीवर थांबले, पाणी प्यायले, साबितच्या पाठीवर हात ठेवला आणि ही विहीर याच घराकडे राहो अशी दुआ केली. साबित हे पन्नासेक वर्षं सांगत आला. लग्नात सांगायचा, मयतीच्या घरी सांगायचा, हजला निघालेल्या परक्या माणसांना थांबवून सांगायचा. सुरुवातीला दुआ नव्हती, नुसतं पाणी पिणं होतं. मग पाठीवरचा हात आला. उसैदचा जन्म झाला त्या वर्षी दुआ आली. साबितला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण गोष्ट लोकांच्या तोंडी चालत चालत इराकात पोचली होती. बसऱ्याचा खुलैद नावाचा एक माणूस ती खरी आहे का, हे विचारायला महिनाभर उंटावर बसून आला होता. त्या दिवशी विहिरीपाशी असलेल्यांपैकी एकटी मुलैका उरली होती.

“हा माणूस साधासुधा नाही,” उसैद म्हणाला. “बसऱ्याच्या मशिदीत याच्याभोवती लोक बसतात. त्यानं एकदा ऐकून मान डोलावली ना, की परवा काझीला काही बोलायलाच जागा उरत नाही.”

“आणि वदीआ?”

“त्यालाही बोलावलंय. ऐकू दे त्याच्या कानांनी.”

मुलैकानं सुई कातड्यात टोचून ठेवली आणि पाय लांब केले. गुडघे दुखत होते. तिला फार थकवा आला होता. आजचा नव्हता तो, बऱ्याच वर्षांचा होता.

लग्न झालं त्या वर्षी तिनं एकदा साबितला विचारलं होतं. घरात दोघंच होती, ती जवाचं पीठ मळत होती. “तुम्ही कुठे होतात हो तिथं? तुम्ही तर शेळ्या घेऊन माळावर गेला होतात.” साबित हसला होता. “तू होतीस ना? मग मी असल्यासारखाच.” त्या हसण्यात लबाडी नव्हती. माणूस चांगला होता. तिच्यावर कधी हात उगारला नाही की तिला उपाशी ठेवलं नाही, आणि शेवटच्या आजारपणात तिच्याच हातचं पाणी मागायचा. तो गोष्ट सांगायला बसला की ती पाहुण्यांपुढे खजूर ठेवायची आणि आत जायची. लोक तिच्याकडे पखाली घेऊन येत, तेही त्या गोष्टीमुळेच. या हातांनी रसूलांना पाणी दिलं, असं बायका एकमेकींना सांगत. ते मात्र खरं होतं. म्हणून बाकीचं तिनं चालू दिलं. रसूलांच्या नावावर न बोललेला शब्द घालायचा नाही, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. आपण कुठे घालतोय, आपण तर खजूर ठेवतोय, अशी समजूत तिनं करून घेतली होती.

खुलैद दुपारच्या नमाजानंतर आला. चाळिशीचा, किडकिडीत, उन्हानं ओठ फुटलेला माणूस. वदीआ त्याच्या मागोमाग आला आणि दाराशीच बसला. उसैदनं त्याला आत बोलावलं नाही.

“खाला, त्रास देतोय,” खुलैद म्हणाला. “बसून बसून पाठ मोडली माझी, पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय परत जायचं नाही असं ठरवून आलोय.”

“ताक घे आधी.”

त्यानं ताक घेतलं. मग पुढे सरकून बसला. “तुमच्या यजमानांकडून ऐकलेल्या माणसाकडून मी ऐकलंय. मध्ये दोन माणसं आहेत. मला मधली माणसं नको आहेत. तुम्ही स्वतः काय पाहिलं, काय ऐकलं, तेवढं सांगा.”

उसैद म्हणाला, “सांग अम्मा. पाठीवर हात ठेवला तिथून सांग.”

“तिला सांगू दे, भाऊ,” खुलैद म्हणाला.

मुलैकानं पदर सारखा केला. तिला वाटलं होतं, तोंड उघडलं की साबितचे शब्द आपोआप बाहेर पडतील. इतक्या वेळा ऐकले होते. पण बसऱ्याहून आलेल्या या माणसाच्या पायांकडे तिचं लक्ष गेलं. टाचांना भेगा पडल्या होत्या, घोट्याला फडकं बांधलेलं होतं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाच्या पदरात काय टाकून परत पाठवायचं, असं तिच्या मनात आलं.

“मी अकरा वर्षांची होते,” ती म्हणाली. “विहीर तेव्हा माझ्या सासऱ्यांची. मी त्यांच्या भावाची मुलगी, तिथंच राहायचे. दुपार होती. बरीच माणसं आली, धुळीनं माखलेली. त्यात रसूल होते. मला कुणी सांगितलं तेव्हा कळलं. मी पाणी शेंदलं. पखाल मीच शिवलेली होती, नवी नवी शिकत होते, ती गळत होती. नेईपर्यंत निम्मं पाणी माझ्याच अंगावर सांडलं.”

“मग?”

“मग ते वाटीनं प्यायले. पाणी मचूळ होतं, आमच्या विहिरीचं तसंच असतं. तोंड वाकडं केलं नाही. बरोबरच्या माणसाला दिलं. भिंतीच्या सावलीत बसले आणि डोळे मिटले. थकले होते ते. फार थकले होते. मी तोपर्यंत एवढं थकलेलं माणूस पाहिलं नव्हतं.”

खुलैद थांबला. “आणि काय म्हणाले?”

“काही नाही.”

“दुआ?”

“मी ऐकली नाही. मी तिथंच उभी होते, ते उठून जाईपर्यंत. बोलले असते तर ऐकलं असतं.”

“अम्मा,” उसैद म्हणाला.

“आणि साबित तिथं नव्हते,” मुलैका म्हणाली. “शेळ्या घेऊन गेले होते. संध्याकाळी आले तेव्हा मीच त्यांना सांगितलं.”

दाराशी बसलेल्या वदीआनं मान खाली घातली. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्याकडे पाहून तसं वाटत नव्हतं. तोही लहानपणापासून हीच गोष्ट ऐकत मोठा झाला होता.

“तिला काही आठवत नाही हल्ली,” उसैद खुलैदला म्हणाला. “वय झालंय. काल मीठ कुठे ठेवलं ते सांगता येत नव्हतं तिला.”

“मीठ आठवत नाही, ते खरंय,” मुलैका म्हणाली.

खुलैद तिच्याकडे वळला. “खाला, इतकी वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत. आज का?”

“आजपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं, बाळा. त्यांनाच विचारायचे.” मग ती म्हणाली, “आणि मीही गप्प बसले. ते माझ्या हिशेबाला आहे. त्यांच्या नको.”

उसैद उठून बाहेर गेला. जाताना वदीआच्या पायाला पाय लागला तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी खुलैद पुन्हा आला. अंगणात ती एकटीच होती. तो बसला नाही, उभ्यानंच म्हणाला, “रात्रभर विचार करत होतो. यात आज्ञा नाही, मनाई नाही, दुआ नाही. मी परत जाऊन लोकांना काय सांगू? महिनाभर गेलो आणि हे घेऊन आलो?”

“नको सांगू मग.”

“तसं नाही म्हणत मी.” तो खाली बसला. “पुन्हा एकदा सांगा. सावकाश सांगा. एक शब्द इकडचा तिकडे व्हायला नको.”

तिनं पुन्हा सांगितलं. तो ओठ हलवत तिच्यामागून म्हणत गेला. ‘थकले होते’ पाशी तो अडकला आणि त्यानं विचारलं, ते तुम्हाला कशावरून कळलं? ती म्हणाली, वाटी खाली ठेवताना हात जमिनीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला, वर यायला वेळ लागला. त्यानं तेही पाठ केलं. मग सलाम करून निघून गेला. चालताना तो एका पायावर किंचित लंगडत होता.

काझीनं निकाल दिला तो सरळ होता. साक्ष कुणाचीच नाही, म्हणून पाणी निम्मं निम्मं. एक दिवस उसैदची पाळी, एक दिवस वदीआची. घरी उसैद बायकोच्या हातून जेवायचा, आईपुढून उठून जायचा. वस्तीतल्या बायका पखाली घेऊन यायच्या थांबल्या नाहीत, पण पूर्वीसारख्या बसून राहिनाशा झाल्या. पखाल ठेवायच्या, कधी घ्यायला येऊ विचारायच्या आणि जायच्या. एकीनं एवढंच म्हटलं, “खाला, गेलेल्या माणसाची तरी अब्रू ठेवायची होती.” मुलैकालाही ते अधूनमधून वाटत होतं.

आठवड्यानं ती काठी टेकत बागेत गेली. दुपार उतरत होती. पाळी उसैदची होती; मोट ओढणारी उंटीण नुकतीच सोडली होती आणि पाटात अजून पाणी होतं. उसैद टोकाच्या ओळीत एकटाच होता. त्या ओळीतली खजुरी त्यानं तीन वर्षांपूर्वी स्वतः लावलेली होती, अजून कमरेएवढीही झाली नव्हती. जुन्या झाडांना पाणी पुरवायचं तर काहीतरी सोडावं लागणार होतं, आणि त्यानं ही ओळ सोडायचं ठरवलं होतं. पाटाचं तोंड बुजवायला त्यानं चिखलाचे गोळे करून ठेवले होते.

ती जवळ येऊन उभी राहिली. त्यानं पाहिलं आणि काम चालू ठेवलं.

“अब्बा खोटं बोलत होते?” त्यानं खाली पाहतच विचारलं.

“ते तिथं नव्हते. पण इतक्यांदा सांगितलं, की त्यांना आपण तिथं दिसायला लागलो. शेवटी शेवटी तर मला म्हणायचे, आठवतं का गं, माझ्या पाठीवर हात ठेवला होता.”

“मग तू काय म्हणायचीस?”

“म्हणायचे, आठवतं.”

उसैदनं हातातला गोळा पाटाच्या तोंडाशी लावला. गोळा नीट बसला नाही, बाजूनं पाणी झिरपून एक बारीक धार त्या लहान झाडांकडे वाहू लागली. उसैद ती पाहत राहिला.

मुलैकानं काठी जमिनीवर ठेवली आणि हळूहळू, एक गुडघा, मग दुसरा, असं करत खाली बसली. तिनं एक गोळा उचलला, अंगठ्यानं चाचपून भेग शोधली आणि चिखल तिथं दाबला. उसैदनं दुसऱ्या बाजूनं हात लावला. धार थांबेपर्यंत दोघांनी हात काढला नाही.