गच्चीवरचा कोपरा

पलीकडून आलेल्या खोक्यात यंत्र नव्हतं, आणि मोजणीदारांना नेमका त्याचाच संशय आला. जाड पत्र्याचे तीन त्रिकोण, एकमेकांना काटकोनात जोडलेले. एखाद्या खोलीचा कोपरा कापून आणावा तसं दिसत होतं. तार नाही, बॅटरी नाही, साधा दिवासुद्धा नाही. साहेबांनी सोबतचे कागद वाचून समजावलं. पलीकडच्या देशाचा उपग्रह वरून जाताना रडारची लहर सोडतो. ती या कोपऱ्यात आपटून आली तशी परत जाते. त्यावरून जमीन केसभर हलली तरी त्यांना कळतं. मोजणीदारांनी पत्रा ठोकून पाहिला, उलटा करून पाहिला. ज्याच्यात काहीच नाही, त्याच्यात काय लपवलंय हे शोधायचं तरी कसं?

मधे नदी होती. अलीकडे आपण, पलीकडे ते. वडिलांच्या वेळी दोघांत लढाई झालेली, आणि अजून पुलावर दोन्ही टोकांना पहारा असायचा. पण डोंगर दोघांच्याही डोक्यावर एकच. गेल्या साली तो दोन्ही काठांवर थोडा थोडा सुटून खाली आला, तेव्हा कुठे वरच्या लोकांनी एकत्र बसून करार केला. त्यांनी उपग्रहाची मोजमापं द्यायची. आपण पावसाचे आकडे द्यायचे आणि एक कोपरा अगदी पक्क्या जागी बसवून सांभाळायचा. बाकी सगळं त्या कोपऱ्यापासून मोजलं जाणार होतं. मोजणीदारांना ही पद्धत नवी नव्हती. जमिनीची मोजणी करतानाही एक दगड पक्का धरतात आणि साऱ्या गावाची मापं त्याच्यापासून घेतात.

आधी कोपरा गावाबाहेरच्या खडकावर बसवला. एका सकाळी तो किंचित फिरलेला दिसला. एखादी म्हैस अंग घासून गेली असेल, असं साहेब म्हणाले. मोजणीदारांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. म्हैस असेलही, पण पलीकडचं कुणी येऊन गेलं नसेल कशावरून? त्यांनी साहेबांच्या मागे लागून तो तिथून काढला आणि स्वतःच्या घराच्या गच्चीवर नेऊन बोल्टांनी आवळला. डोळ्यांसमोर राहील, म्हणाले. पलीकडे जागेचे आकडे नवे कळवले, पण ‘खडक’ हा शब्द होता तसाच राहू दिला. त्यात आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटलंही नाही. ते घर त्यांनी आणि बायकोने मिळून बांधलं होतं. कामगार घरी गेल्यावर भिंतींना पाणी मारायचं काम तिचं. त्या घराइतकी पक्की जागा त्यांना दुसरी ठाऊक नव्हती.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात आता ते आणि सासूबाई. मुलगी गेल्यावर म्हातारीने मुलाकडे जावं असं नातेवाइकांनी सुचवून पाहिलं, पण मुलीची खोली इथे होती, म्हणून त्या इथेच राहिल्या. सासूबाईंचा जगात कुणावर विश्वास नव्हता. दूधवाल्याने मापलेलं दूध त्या घरच्या भांड्याने पुन्हा मापायच्या. डॉक्टरांनी ताप नाही म्हटलं तर डॉक्टरांच्याच कपाळाला हात लावून बघायच्या. गच्चीवर कोपरा आल्यापासून त्यांनी तिथे कपडे वाळत घालणं बंद केलं. आपल्याकडे किती लुगडी आहेत हे त्या लोकांना कशाला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

आठवड्यातून एकदा कचेरीतल्या कॉम्प्युटरवर बैठक व्हायची. पलीकडून एक चष्मेवाल्या बाई बोलायच्या. बोली आपलीच, फक्त हेल वेगळा. त्यांच्या पाठीमागे नेहमी कोरी भिंत असायची, आणि मोजणीदारांना त्या भिंतीचाही संशय यायचा. बाई कमी बोलायच्या, पण एक प्रश्न हटकून विचारायच्या. कोपरा खडकावरच आहे ना? साहेब हो म्हणायचे. मग बाई पायथ्याचा फोटो मागायच्या. वस्तीचा फोटो हिला कशाला हवा, असं मनाशी म्हणत मोजणीदारांनी एक फोटो पाठवला. त्यात पत्रे होते आणि आकाश होतं. पायथा नव्हता.

पावसाळ्यानंतर पहिला नकाशा आला. त्यात जमीन वर गेलेली दाखवायला तांबडा रंग होता, आणि सगळं गावच तांबडं होतं. पूल वर आलेला, पाण्याची टाकी वर आलेली, डोंगरही वर आणि नदीपलीकडचा काठही वर. मोजणीदार कचेरीभर नकाशा दाखवत फिरले. गाव फुगतंय, म्हणाले, अजून थोड्या दिवसांनी उडेल. साहेबांना त्यात डाव दिसला. डोंगर कुठे सुटतोय हे आपल्याला कळू नये म्हणून सगळ्यावरच रंग फासून दिलाय, असं ते म्हणाले. मोजणीदारांना हे पटलं. लबाडी हाताने पकडून त्यांच्या तोंडावर फेकायची, असं त्यांनी ठरवलं.

ते स्वतःचं यंत्र आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन निघाले. पुलापासून टाकीपर्यंत, टाकीपासून खडकापर्यंत उंच्या घेतल्या. पूर्वीच्या मापांशी ताडून पाहिल्या. एकमेकांच्या मानाने काही हललेलं नव्हतं. ते मनात हसले. आता एकच माप राहिलं होतं, पुलापासून गच्चीवरच्या कोपऱ्यापर्यंतचं.

ते जुळलं नाही. त्यांना वाटलं तिकाटण्याचा पाय रुतला असेल. पुन्हा लावलं. पुन्हा तेच आलं. मग त्यांनी खडकाकडून येऊन मोजलं. कोपरा बसवल्यापासून घर चांगलं बोटभर खाली गेलं होतं. पलीकडच्यांनी ते घर पक्कं धरलं होतं, म्हणून त्यांच्या हिशेबात सारं गाव वर आलं होतं.

त्यांनी घराच्या चारी कोपऱ्यांची मापं घेतली. बायकोच्या खोलीची बाजू सगळ्यात खाली होती. त्या खोलीचं दार हल्ली घासायचं, म्हणून त्यांनी ते दोनदा रंधून घेतलं होतं. खिडकीखालच्या भेगेत पुट्टी भरली होती. पावसाने लाकूड फुगतं, नवा गिलावा तडकतो, अशी कारणं त्यांनी स्वतःलाच दिली होती. इतरांच्या बाबतीत एवढा संशय घेणाऱ्या माणसाला त्या दाराचा संशय कधी आला नव्हता. गल्ली जुनी दगडखाण भरून केलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती भरून इतकी वर्षं झाली होती की आता ते कुणी बोलत नसे.

त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

“कोपरा आजच काढा आणि मुकाट्याने खडकावर बसवा,” साहेब म्हणाले. “नकाशा आपोआप सरळ होईल. गल्लीचं नंतर बघू.”

“नंतर म्हणजे?”

“मोजणीदार, आपण लेखी दिलंय खडक म्हणून. आता त्या लोकांपुढे नाक कापून घ्यायचं? आणि घर तुमचं आहे. तुम्हाला तरी सोडायचंय का?”

सोडायचं नव्हतं. साहेबांचं म्हणणं त्यांना गोडही वाटलं. घरं थोडीफार बसतातच, बसून पुन्हा स्थिरावतात. पाना खिशात घालून ते गच्चीवर गेले आणि बराच वेळ बोल्टांकडे बघत उभे राहिले. बोटभर खाली गेलं, एवढंच त्यांना माहीत होतं. हळूहळू जातंय की अलीकडे एकदम गेलंय, हे त्यांचं यंत्र सांगू शकत नव्हतं. ते मधल्या काळात कुणी बघत असेल तरच सांगता येणार होतं. आणि बघत होता तो फक्त पलीकडचा उपग्रह. हळूहळू असेल तर घर राहील. एकदम असेल तर खाली स्वयंपाकघरात म्हातारी आहे.

पाना खिशातच ठेवून ते कचेरीत परतले आणि साहेबांना न विचारता त्यांनी बाईंना फोन लावला. कोपरा माझ्या घरावर आहे, म्हणाले. घर भरावावर आहे आणि ते बसतंय.



“मला शंका होतीच,” बाई म्हणाल्या. “आमचे वरचे म्हणत होते, डोंगराची खरी हालचाल लपवायला तुम्ही मुद्दाम हलत्या जागी बसवलाय. म्हणून तुम्हाला पुसट नकाशा पाठवायचा हुकूम होता. घर न् घर दाखवणारा नकाशा आमच्याकडेच ठेवलाय.”

“म्हणजे तुम्ही लपवत होतात. माझा संशय खरा होता.”

“आमचाही,” बाई म्हणाल्या.

मोजणीदारांना राग आला, आणि राग आल्याने जरा बरंही वाटलं. पण भांडायला वेळ नव्हता. तो नकाशा देता का, असं त्यांनी सरळ विचारलं. मला तसं करायची परवानगी नाही, असं बाई म्हणाल्या, आणि दुपार संपायच्या आत त्यांनी तो पाठवला. या वेळी मापं त्यांच्या काठावर बसवलेल्या दुसऱ्या एका कोपऱ्यापासून घेतली होती. गाव जागच्या जागी होतं. फक्त एका गल्लीत खाली जाणाऱ्या जमिनीचा निळा डाग होता, मधे मोजणीदारांचं घर आणि दोन्ही बाजूंची दोन. सोबत उपग्रहाच्या प्रत्येक फेरीचे आकडे होते. सुरुवातीला फरक अगदी थोडा, मग दर फेरीला जास्त, आणि शेवटच्या फेरीत आधीच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा जास्त. किती दिवस आहेत, असं त्यांनी विचारलं. दिवस मी सांगू शकत नाही, वेग वाढतोय एवढंच सांगते, असं बाई म्हणाल्या. कोपरा काढू नका, घर काय करतंय ते आम्हाला त्याच्यावरून दिसत राहील, असंही त्यांनी बजावलं.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई गहू निवडत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

“दुसरं लग्न करायचं असेल तर सरळ सांगा, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “घर पडतंय असं कशाला सांगता? मी काय अडवणार आहे?”

त्यांनी भेग दाखवली. ती तुमच्या हातच्या कामाची भेग आहे, माझ्या मुलीने भरली असती तर दिसली नसती, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दार दाखवलं. दार रंधून बिघडवलंत, म्हणाल्या. हे सांगितलं कुणी, असं विचारल्यावर पलीकडच्या बाईंचं नाव निघालं, तेव्हा म्हातारीने फोनसाठी हात पुढे केला. तिच्याशी मीच बोलते, म्हणाल्या.

बाईंनी फोन उचलला. सासूबाईंनी आधी तिचं वय विचारलं, मग आई आहे का ते विचारलं. आहे, असं उत्तर आलं.

“मग मला एक सांग. माझ्या जागी तुझी आई असती तर तिला या घरात राहू दिलं असतंस?”

पलीकडे शांतता झाली. मोजणीदारांना वाटलं, लाइन तुटली.

“नाही, आजी,” बाई म्हणाल्या. “जेवणापुरतंसुद्धा थांबू दिलं नसतं.”

सासूबाईंनी फोन परत दिला. चटकन बोलली असती तर विश्वास ठेवला नसता, एवढं म्हणून त्या उठल्या आणि आपल्या पातळांचं गाठोडं बांधायला लागल्या.

मोजणीदार शेजारी गेले. एका बाजूला शिंपी राहायचा. तो आणि त्याची बायको ऐकून घाबरले, पण जागचे हलले नाहीत. दुसऱ्या बाजूला रिटायर झालेले ड्रायव्हर होते, मोजणीदारांचे जुने पत्त्यांचे भिडू. ते गॅलरीतूनच बोलले. ते लोक एक नंबरचे लबाड आहेत असं गेले सहा महिने कोण सांगत होतं, असं त्यांनी विचारलं. गाव फुगतंय म्हणून कचेरीत हसणारा कोण? आणि आज त्यांचंच ऐकून आम्ही घरदार सोडून रस्त्यावर यायचं?

मोजणीदारांनी आपली स्वतःची मापं सांगितली. ड्रायव्हरांनी हात उडवले.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत. गल्लीच्या पार टोकाला, जिथे भराव संपून जुना रस्ता लागतो, तिथे त्यांनी खुर्ची टेकवली आणि तोंड घराकडे करून बसल्या. मुलगी गेल्यापासून म्हातारी उंबऱ्याबाहेर आली नव्हती. शिंप्याची बायको धावत गेली, आजी इथे का बसलात म्हणून विचारायला लागली. काय उत्तर मिळालं ते ऐकू आलं नाही. पण ती परत आली ती थेट आत गेली आणि तिने शिलाई मशिनवरचं कापड काढायला घेतलं.

ड्रायव्हर गॅलरीतून हे सगळं बघत होते. खाली उतरून ते मोजणीदारांच्या दारात आले तेव्हा त्यांची गादी त्यांच्या खांद्यावर होती.

“यात तुझा काय फायदा आहे ते मला अजून कळलेलं नाही,” ते म्हणाले.

 साहेबांचा फोन येत होता, तो मोजणीदारांनी वाजू दिला. बायकोच्या खोलीचं दार पुन्हा अडकलं होतं. त्यांनी खांदा लावला, हललं नाही. ड्रायव्हरांनी गादी ओसरीवर टाकली आणि शेजारी येऊन आपला खांदा लावला. दार उघडलं तशी कपाटावरची बांगड्यांची पेटी आपोआप भिंतीकडे सरकत गेली. ड्रायव्हर ती थांबेपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी कपाटाची एक बाजू धरली.

तिचे कपडे अजून आतच होते. कपाट जड होतं. बाहेर नेताना दोघांना ते मधे दोनदा टेकवावं लागलं.