फेरेटची माती

गोरे साहेब नोकरी संपवून बहारीन सोडताना सोफा विकायचे आणि पाळलेलं फेरेट टाकून जायचे. मुंगसासारखं लांबट, बिचारं जनावर! मला चीड आली. १९८४ साली महिनाभरात माहूज वस्तीतल्या आमच्या तळमजल्यावर मी तीन फेरेट आणून ठेवली. शुक्रवारी सुट्टीला मदतीला दोघं येत: रत्नागिरीची ताहेरा आणि आमच्या वसईचा विल्फ्रेड.

एका शुक्रवारी पिंजरा झाडताना विल्फ्रेड माझ्याकडे वळून ओरडला, "डॉली, हा गेला!"

त्याच्या हातात फेरेट ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. हलवलं, हाका मारल्या, काही नाही. मी रडत रडत त्याला टाकून गेलेल्या साहेबाला शिव्या घातल्या. विल्फ्रेडने अंगणात खड्डा खणला, फेरेट आपल्या इस्त्रीच्या रुमालात गुंडाळलं आणि प्रार्थना सुरू केली. त्याची प्रार्थना लवकर संपत नाही.

आत ताहेराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती जेवणासाठी सुके बोंबील भाजत होती. वास अंगणात आला आणि रुमाल हलला. आधी नाक बाहेर आलं, मग अख्खं फेरेट, आणि ते आमच्या पायांमधून थेट स्वयंपाकघरात पळालं.

"अगो, झोपलेलं होतं ते!" सगळं ऐकून ताहेरा पोट धरून हसली.

"माझी प्रार्थना अर्धी राहिली," विल्फ्रेड कुरकुरला.

"मग जेवणाआधीची म्हण," मी म्हटलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला: नाकाशी भाजलेला बोंबील धरल्याशिवाय कुणालाही मेलेलं म्हणायचं नाही.