सिंगापूर सोडून

माधुरी कर्णिकने एखादी गोष्ट मनावर घेतली की चारकोपच्या त्या सोसायटीत ती झाल्याशिवाय राहत नसे. गच्चीवरचे पत्रे तिने घालून घेतले होते, बंद पडलेलं वाचनालय तिने उघडायला लावलं होतं. नवऱ्याबरोबर, विद्याधरबरोबर, सिंगापूरची क्रूझ करून आल्यापासून तर समोरच्या दारातल्या परबांनाही एकदा समुद्रावर न्यायचंच, हे तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

परब म्हणजे सुनंदा आणि दशरथ. दशरथ औषधांच्या कारखान्यात फिटर होता, आता निवृत्त. सुनंदाने सोसायटीच्या मागच्या खोलीत बरीच वर्षं बालवाडी चालवली. अजून रस्त्यात मिशा फुटलेली पोरं तिला 'बाई' म्हणून थांबवत. त्यांचा मुलगा सर्वेश बंगळुरूला नोकरीला. त्याने त्या वर्षी फोनवर सांगितलं, "आई, तू आणि बाबा क्रूझला जाऊन या. पैशाचं मी बघतो. कुठे जायचं ते फक्त तू ठरव."

कुठे जायचं ते तू ठरव. सुनंदाला हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मे महिन्यात आणि गणपतीला मालवणला सासरी जायचं, आणि उरलेल्या सुट्टीत ज्याच्या घरी लग्न असेल तिथे जायचं, हे आपसूक ठरलेलं असे. तिने फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यापाशी उगीच उभी राहिली.

रविवारी दुपारी चौघं कर्णिकांकडे चहाला बसली. माधुरीने बोरिवलीच्या ट्रॅव्हल एजंटकडून जाडजूड पुस्तिका आणून ठेवली होती.

"हे बघ, सिंगापूर, पेनांग, फुकेत. डोळे मिटून हेच करायचं," माधुरी म्हणाली. "आम्ही परत येतो तुमच्याबरोबर. शॉपिंग कुठे करायचं, कुठल्या डेकवर बसायचं, सगळं मला पाठ आहे."

सुनंदा पानं उलटत होती. सगळीकडे तीच पांढरी जहाजं, तेच निळं पाणी. शेवटच्या एका पानावर मात्र फोटोसुद्धा धड नव्हता. नुसता नकाशा, आणि त्यावर चेन्नईहून निघून श्रीलंकेच्या अंगाने जाणारी तुटक रेघ. हंबनटोटा, त्रिंकोमाली, आणि परत.

"मला इथे जायचंय," ती म्हणाली.

माधुरीने चष्मा वर करून पाहिलं. "त्रिंकोमाली? तिथे काय आहे?"

"माहीत नाही. माझे बाबा जायचे."

सुनंदाचे वडील, सीताराम तांडेल, मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. देवगडच्या घरी वर्षातून एकदा, फार तर दोनदा यायचे. आले की अंगणात खाट टाकून पडायचे आणि धाकट्या सुनंदाला बंदरांच्या गोष्टी सांगायचे. मोठ्या शहरांबद्दल ते फारसं बोलत नसत. तिथे म्हणे बोट दिवसभर लागायची, माल उतरायचा, आणि यांना स्वयंपाकघरातून बाहेर डोकवायलाही फुरसत मिळायची नाही. त्यांच्या तोंडी असत ती आडबाजूची बंदरं, जिथे बोट रखडायची. त्यात त्रिंकोमालीचा नंबर पहिला. चहाच्या पेट्या चढवायला तिथे जावं लागे. "चारी बाजूंनी डोंगर, बाय," ते सांगत. "आत शिरलं की दर्या गायब. कळतच नाही खंयसून इलंव ता, मागची वाट दिसतच नाही. पाणी असं, की टोपातली पेज हलत नाही. थंय माका झोप लागता." ते गेले तेव्हा सुनंदाचं लग्नसुद्धा व्हायचं होतं.

माधुरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त एवढं कळलं, की आपण इतकं सगळं बघून ठेवलेलं समोरचीने एका वाक्यात बाजूला सारलं. ती म्हणाली, "तुझी मर्जी," आणि कपबशा उचलून आत गेली.

घरी आल्यावर सुनंदाने जोगेश्वरीला भावाला फोन केला. दादू तिच्याहून मोठा. वडिलांच्या मागे घर त्यानेच ओढलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला.

"अगं, बाबांच्या गोष्टी त्या. त्यातलं खरं किती आणि मीठमसाला किती, कोणाला ठाऊक? दर्या गायब होतो म्हणे. बंदरातून कधी दर्या गायब होतो का? सर्वेश खर्च करतोय ना, तर चांगल्या ठिकाणी जा."

तिला ते लागलं. दादू खोटं बोलत होता म्हणून नव्हे, तो खरं बोलत असेल म्हणून. तिथे गेलो आणि साधंच काहीतरी निघालं, तर अंगणातल्या खाटेवरची तेवढी एक गोष्टही हातची जायची. रात्री जेवताना तिने दशरथला विचारलं, "अहो, जाऊया की नको?"

"माका काय इचारतंस गो?" दशरथ काटा काढता काढता म्हणाला. "पोराने तुका ठरवूक सांगल्यान. तू म्हणशीत थंय जाव्या. फक्त थंय मासे बरे गावतत काय, ता बघ."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बोरिवलीला एजंटच्या ऑफिसात गेली. टेबलामागे प्रांजल नावाची तरतरीत मुलगी होती. तिने त्रिंकोमालीचं नाव ऐकून कपाळाला हलकीशी आठी घातली.

"काकू, खरं सांगू का, तिकडे आपल्याकडचं फारसं कोणी जात नाही. बघण्यासारखं एक देऊळ आहे, बीच आहेत, बस्स. नंतर लोक आम्हाला नावं ठेवतात."

"कोणी जात नाही म्हणजे गर्दी नसेल ना?"

"गर्दी अजिबात नसेल."

"मग लिहून घे," सुनंदा म्हणाली. बाहेर पडली तेव्हा तिचं मन हलकं झालं होतं.

समोरच्या दारात मात्र आठवडाभर अबोला होता. माधुरी जिन्यात भेटली तर पाण्याच्या टाकीबद्दल बोलायची आणि निघून जायची. मग एका संध्याकाळी विद्याधर परबांची बेल वाजवून आत आला. एरवी हा माणूस बायकोपुढे फारसा बोलत नसे. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "आमचीही दोन तिकिटं काढलीत. सिंगापूरला आम्हाला कांदिवलीचीच तीन कुटुंबं भेटली होती, वहिनी. मला एकदा असं गाव बघायचंय जिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही."

"आणि माधुरी?"

"येतेय. पण खूश नाहीये, हे तुम्हाला सांगायला सांगितलंय."

जुलैमध्ये चौघं विमानाने चेन्नईला गेली आणि जहाजात चढली. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी समुद्राने अंग घुसळायला सुरुवात केली आणि खलाशाची मुलगी सुनंदा आडवी झाली. पोटात पाणी ठरेना. दशरथ नुसता दाराशी उभा राहून "काय करू सांग" म्हणत होता. शेवटी माधुरी आली. तिने त्याला आणि विद्याधरला बाहेर पिटाळलं, पडदा ओढला, पिशवीतून सुंठ आणि आवळ्याची सुपारी काढली आणि ओला टॉवेल सुनंदाच्या कपाळावर ठेवला.

"तुझ्या बाबांनी उलट्यांचं काही सांगितलं नव्हतं का?" तिने विचारलं.

सुनंदाला हसवतही नव्हतं आणि हसू आवरतही नव्हतं. "माधुरी, तू माझ्यावर रागावलीयस ना?"

"रागावलेय. आधी बरी हो, मग रागावते." मग थोडा वेळ टॉवेल पिळत ती म्हणाली, "मला तुला सगळं दाखवायचं होतं गं. मी एकदा बघून आले होते ना. तुझ्याबरोबर बघायला जास्त मजा आली असती. आणि तू सरळ दुसरीकडेच बोट ठेवलंस."

"मला सांगताच आलं नाही नीट. बाबांचं एवढं सगळं एका वाक्यात कसं सांगणार?"

"मग आत्ता सांग. दुसरं काय काम आहे आपल्याला?"

सुनंदाने पडल्या पडल्या सांगितलं. खाट, अंगण, पेज, डोंगर, आणि दादू काय म्हणाला तेही. माधुरी तिच्या उशाशी बसून ऐकत राहिली. हंबनटोटा आलं तेव्हा सुनंदाच्या अंगात उठायचं त्राण नव्हतं. पुरुष दोघं उतरून फिरून आले. माधुरी केबिनमध्येच बसून राहिली.

त्रिंकोमालीच्या दिवशी मात्र सुनंदाला उजाडताच जाग आली, ती जहाज हलायचं थांबल्यासारखं वाटलं म्हणून. तिने शाल गुंडाळली आणि डेकवर गेली. कठड्याशी माधुरी आधीच उभी होती.

"ये. मी तुला उठवायलाच येणार होते," ती हळू आवाजात म्हणाली.

जहाज सावकाश पुढे सरकत होतं. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर आले, मग समोरही आले. सुनंदाने मागे वळून पाहिलं. ज्या वाटेने आत आलो ती वाट दिसत नव्हती. एका टेकडीमागे दुसरी सरकली होती आणि मोकळा समुद्र पार नाहीसा झाला होता. पाणी गुळगुळीत होतं. एक कोळी छोट्या होडीत उभा राहून जाळं ओढत होता आणि होडी जराही डुलत नव्हती.

सुनंदाने फोन काढला आणि दादूला व्हिडिओ कॉल लावला. जोगेश्वरीत तो नुकताच उठला असावा. बनियनवर, केस विस्कटलेले.

"काय गं, बरी आहेस ना?"

"दादू, बघ," ती म्हणाली आणि फोन हळूहळू गोल फिरवला. डोंगर, पाणी, डोंगर, जिथून आलो ती बाजू, तिथेही डोंगरच.

दादूने चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. मग दादू म्हणाला, "परत एकदा फिरव."

तिने परत फिरवला.

"खरंच गं," तो म्हणाला. "म्हातारा खरं सांगत होता." आणि त्याने नाक ओढल्यासारखा आवाज केला आणि चहा उतू जातोय म्हणून फोन ठेवला.

सुनंदाला वाटलं होतं, इथे पोचलो की रडू येईल. तसं झालं नाही. तिच्या मनात आलं ते वेगळंच. बाबा इथे येत तेव्हा जेमतेम चौतीस वर्षांचे असतील, म्हणजे आपल्या सर्वेशपेक्षाही लहान. घरापासून लांब, शंभर माणसांचा भात रांधणारा एक तरुण माणूस. अशा पाण्यावर त्याला झोप लागत होती, हे आठवून तिला आता, इतक्या वर्षांनी, आईला वाटावं तसं बरं वाटलं.

दिवस मोठा सुखाचा गेला. त्यांनी दोन रिक्षा केल्या. किल्ल्याच्या दरवाज्यातून आत जाताना रस्त्यावर ठिपक्यांची हरणं आरामात उभी होती, आपल्याकडे गायी असतात तशी. विद्याधर लहान पोरासारखा एकेका हरणामागे कॅमेरा घेऊन हिंडला. वर कड्याच्या टोकाला कोनेश्वराचं देऊळ आणि खाली उघडा समुद्र. पायऱ्या चढताना माधुरी म्हणाली, "गाव छान आहे हं. पण एक एसी दुकान असतं तर काय बिघडलं असतं?"

दशरथला देवळात फार वेळ करमेना. तो मासळी बाजारात गेला आणि तिथे एका कोळणीसमोर उकिडवा बसला. "ही सुरमय आज सकाळचीच मां?" त्याने सरळ मालवणीत विचारलं. ती तमिळमध्ये काहीतरी बोलली. त्याने कल्ला उचलून पाहिला आणि मान डोलावली. तिने त्या सुरमईहून मोठ्ठा मासा काढून दाखवला. दोघांचं चांगलं जमलं. जहाजावर मासा नेता येत नाही हे कळल्यावर ती दशरथपेक्षा जास्त हळहळली आणि बाजूच्या खानावळीकडे बोट दाखवलं. तिथे चौघांनी केळीच्या पानावर भात आणि तिखटजाळ कालवण खाल्लं. दशरथने दुसऱ्यांदा भात मागितला, आणि सुनंदानेही. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली होती.

परतल्यावर चारकोपमध्ये लगेच बातमी पसरली. प्रांजलने फोन करून विचारलं, "काकू, आवडलं का?" आणि सुनंदाने "हो" म्हटल्यावर ती अजून चार माणसांना सांगते म्हणाली. सुनंदाला क्षणभर वाटलं, नको सांगू. मग तिचं तिलाच हसू आलं.

पुढच्या रविवारी दादू जोगेश्वरीहून न सांगता आला. हातात पापलेटांची पिशवी. त्याने बूट काढले, पंख्याखाली बसला, आणि सगळे फोटो एकेक करून मोठे करून पाहिले. माधुरी वाटी परत द्यायला म्हणून आली होती ती तिथेच टेकली.

"मी त्यांच्यावर चिडून असायचो," दादू म्हणाला. "वर्षभर नाही, आणि आले की नुसत्या गोष्टी. घरात काय चाललंय ते आईला आणि मला माहीत. तू लहान होतीस. तुला गोष्टी मिळाल्या."

"तुला नव्हते सांगत?"

"सांगायचे. मीच ऐकून न ऐकल्यासारखं करायचो." त्याने फोन खाली ठेवला. "पण लक्षात राहिलंय की सगळं. चितगावला नदीतून बोट आत जाते, ते सांगितलं होतं का तुला?"

"नाही."

"आणि त्या मुकादमाच्या बोकडाचं?"

"कुठला बोकड?" माधुरीनेच विचारलं.

सुनंदाने गॅस बारीक केला, कढीवर झाकण ठेवलं आणि हात पुसत बाहेर येऊन दादूसमोर पाटावर बसली. दशरथने टीव्हीचा आवाज बंद केला. दादूने शर्टाच्या बाहीने चष्मा पुसला आणि बोलायला सुरुवात केली, आणि आवाज अगदी बाबांचा निघाला.